खरकटं कुठे जातं?



आपल्या भाषेत एक म्हण आहे, उकिरड्याची दैना बारा वर्षांनीसुद्धा फिटते. नशिबानं गांजलेल्या माणसाला धीर देताना ती वापरतात. म्हणीचा अर्थ आपण सगळे जाणतो, पण म्हणीतल्या उकिरड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. आज आपण त्याच्याकडेच पाहणार आहोत. म्हण बारा वर्षं सांगते खरी, पण शेतकऱ्याच्या घरच्या उकिरड्याची दैना दरवर्षीच फिटायची. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, गाडी जुंपली जायची, खत शेतात जायचं, ढिगाढिगानं टाकून पसरलं जायचं आणि खड्डा पुन्हा रिकामा व्हायचा.

त्या उकिरड्यात काय काय पडायचं ते आठवून पाहा. गोठ्यातलं शेण, मूत्रानं भिजलेली माती, जनावरांनी टाकलेली वैरणीची चिपाडं, चुलीतली राख, अंगणातला केर, भाजीची देठं, कांद्याची टरफलं आणि ताटातलं खरकटं. या यादीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यातली प्रत्येक वस्तू मातीत मिसळून जाणारी आहे. त्यामुळे उकिरडा कितीही ओंगळ दिसला तरी तो फेकून दिलेल्या वस्तूंचा शेवटचा मुक्काम नव्हता. शेताकडे निघालेल्या वस्तू तिथे काही महिने थांबत, एवढंच.

आता काय झालं? बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले. चूल गेली, गॅस आला. शेण कमी झालं, राख तर दिसेनाशी झाली. आणि त्याच वेळी घरात दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या, बिस्किटांचे चकचकीत कागद यांचा शिरकाव झाला. उकिरड्याची जागा राहिली, पण तिथे न्यायला येणारी गाडी बंद झाली. ज्यात प्लास्टिकच्या चिंध्या आहेत ते खत कोणता शेतकरी आपल्या वावरात टाकेल?

आज आमचं सांगणं एवढंच आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याची अडचण झाली, ती तो घाण आहे म्हणून झालेली नाही. आपण तो भलत्या वस्तूंत मिसळतो, आणि मग त्याला जायला जागा उरत नाही. ही मिसळ थांबली, तर बाकीचं काम सोपं आहे. ते कसं करायचं तेही आज सविस्तर पाहू. पण त्याआधी थोडा विचार, कारण आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवत आलो आणि सवय लवकर सुटत नाही.

वस्तू तीच, नावं चार

पातेल्यात भात आहे, तेव्हा त्याचं नाव अन्न. ताटात वाढला, त्यातला अर्धा खाल्ला, राहिलेल्याचं नाव उष्टं. ताट मोरीत गेलं की त्याचं नाव खरकटं. आणि मोरीतून तो डब्यात पडला की त्याचं नाव कचरा. अर्ध्या तासात एकाच भाताची चार नावं झाली. त्या भातात तेवढ्या वेळात काही बदल झाला का? जवळजवळ काहीच नाही. त्यातला पिष्ट पदार्थ तोच, पाणी तेच. बदललं ते आपलं त्याच्याशी असलेलं नातं.

मेरी डग्लस नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्ये शुद्धता आणि विटाळ या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात हा विचार फार चांगला मांडला आहे. त्यांच्या मते, एखादी वस्तू आपल्या जागेवरून हलून भलत्या जागी गेली की आपण तिला घाण म्हणतो. शेतातली माती माती असते, पण तीच गादीवर सांडली की घाण होते. केस डोक्यावर असतात तेव्हा आपण त्यांना तेल लावतो आणि आमटीत सापडले की ताट सरकवतो.

आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषदात भृगुवल्ली आहे. वरुणाचा मुलगा भृगू ब्रह्म म्हणजे काय ते शोधायला निघतो. तप केल्यावर त्याला सापडलेलं पहिलं उत्तर आहे अन्न. पुढे तो प्राण, मन, विज्ञान, आनंद अशा पायऱ्या चढत जातो. गंमत अशी की, आनंदापर्यंत पोहोचल्यावर उपनिषद पुन्हा अन्नाकडे येतं आणि अन्नाविषयीची व्रतं सांगतं. त्याला नावं ठेवू नयेत, ते झिडकारू नये, ते वाढवावं. आणि जो खातो तो स्वतःही कोणाचं तरी अन्न असतो, असा त्यामागचा विचार आहे. हा विचार धरला तर भाजीच्या देठाला आपण कचरा म्हणणं हे आपलं अर्धवट पाहणं ठरतं. माणसाचं जेवण संपलं, पण मातीतल्या जीवांचं अजून सुरूही झालेलं नाही.

उष्टं कोणी खायचं?

इथे थांबून एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. 'पूर्वी आपल्याकडे काहीच वाया जात नव्हतं' असं म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. ते ऐकायला बरं वाटतं. पण वाया का जात नव्हतं? एक कारण गोठा होता, दुसरं कारण उकिरडा होता. तिसरं कारण आपण सांगायचं टाळतो. गावात अशी माणसं होती, ज्यांच्या पदरात उरलंसुरलं, शिळं, उष्टं टाकलं जात होतं आणि तोच त्यांचा हक्क समजला जात होता.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा आणि उष्टे-शिळे तुकडेही खाऊ नका. या आवाहनाकडे आपण पर्यावरणाच्या चर्चेत कधी पाहत नाही, पण पाहायला हवं. कारण त्यातून एक नियम निघतो. दुसऱ्या माणसाचं पोट ही आपल्या उरल्या अन्नाची विल्हेवाट लावण्याची जागा नाही. चांगलं, ताजं अन्न उरलं आणि ते वेळेत, मानानं कोणापर्यंत पोहोचवलं, तर ते वाटून खाणं झालं. दोन दिवसांचं आंबलेलं वरण दारात आलेल्या माणसाच्या भांड्यात ओतलं, तर त्या माणसाचाच आपण उकिरडा केला.

हीच गोष्ट कचरा उचलणाऱ्या हातांची. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धन यांनी संडाससफाईचं काम आपल्यालाही करू द्यावं अशी मागणी केली. जातीच्या कारणावरून ती नाकारली गेली. त्यांनी उपोषण केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात डिसेंबरमध्ये उपोषण सुरू केलं. हेच आप्पासाहेब पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून आणि केरकचऱ्यापासून खत करण्याचे प्रयोग करत राहिले. आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी गावोगाव आधी खराटा हातात घेतला आणि मग कीर्तनाला उभे राहिले. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय आहे. या सगळ्यांचं म्हणणं तपासलं तर गाभा एकच दिसतो. ज्यानं घाण केली, त्यानं तिला हात लावला पाहिजे. आपला ओला कचरा आपल्या घरी जिरवणं ही म्हणून केवळ खताची गोष्ट राहत नाही.

कुजणं आणि सडणं

आता शास्त्राकडे वळू. मराठीत दोन क्रियापदं आहेत, कुजणं आणि सडणं. बोलताना आपण ती एकमेकांच्या जागी वापरतो. पण खत करणाऱ्याला त्यांच्यात फरक केलेला फायद्याचा आहे.

ओल्या कचऱ्याला हवा मिळत राहिली, तर हवेवर जगणारे सूक्ष्म जीव तो खातात. ढीग गरम होतो. चांगला मोठा ढीग असेल तर आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि शेवटी काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत उरतं. याला आपण कुजणं म्हणू. तोच कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फेकला किंवा मोठ्या ढिगाच्या तळाशी दबला, तर त्याला हवा मिळत नाही. मग हवेविना जगणारे जीव कामाला लागतात. त्यातून मिथेन निघतो, नाकाला झोंबणारे वायू निघतात, काळं पाणी झिरपतं. हे सडणं. मिथेन हा हवा तापवणारा वायू आहे. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. मुंबईच्या देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग पुष्कळांना आठवत असेल. कचऱ्याच्या अशा डोंगरांत ओल्या कचऱ्यातून निघालेला वायू कोंडलेला असतो, म्हणून त्यांना लागलेल्या आगी दिवसेंदिवस धुमसत राहतात.

कुजवायचं असेल तर चार गोष्टी लागतात : ओला कचरा, सुका कचरा, हवा आणि ओल. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असतं, सुक्या पाल्यापाचोळ्यात कर्ब जास्त असतो. सूक्ष्म जीवांना साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र हे प्रमाण मानवतं. हे मोजत बसायची गरज नाही. टोपलीभर ओल्या कचऱ्याला टोपलीभर, किंवा थोडा जास्तच, सुका पाला घातला की काम भागतं. ओल किती हवी? मूठभर कचरा हातात आवळला तर ओलावा जाणवावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये.

शहरातल्या लोकांना हा सुका पाला विकत आणावा लागतो. आपल्या मेहकर तालुक्यात तो शेतात पडलेला आहे. सोयाबीनचं कुटार आहे, तुरीचा पाला आहे, कडुलिंबाचा पाला आहे, बारीक तोडलेल्या तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या आहेत. आणि यातलं बरंच आपण बांधावर पेटवून देतो. म्हणजे एकीकडे सुका माल जाळायचा आणि दुसरीकडे ओला माल सडवायचा, असा आपला कारभार आहे.

इंदूर आणि पुसद

खत करण्याची ही विद्या पुस्तकात कशी आली तेही ऐकण्यासारखं आहे. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरला आले. तिथल्या संशोधन संस्थेत त्यांनी शेतातला पालापाचोळा, शेण, मूत्राची माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ते उलथून, तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. त्यांच्याबरोबर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ होते यशवंत वाड. १९३१ मध्ये दोघांच्या नावानं पुस्तक निघालं आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. नाव हॉवर्ड साहेबांचं मोठं झालं, वाड यांचं मागे पडलं. पण पुस्तकावर दोन्ही नावं आहेत. आणि पद्धतीत जे थर आहेत, ते आपल्या आणि चीनच्या शेतकऱ्यांच्या जुन्या अनुभवातूनच वर आले आहेत.

दुसरं नाव तर आपल्या शेजारचं आहे. इथून वाशिममार्गे गेलं की पुसद लागतं. तिथले नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांच्या नावाची आद्याक्षरं ना, दे, पां. ती इंग्रजीत लिहिली गेली आणि परत मराठीत आली तोवर 'दे'चा 'डे' झाला. आज कृषी विभागाच्या पत्रकात 'नाडेप टाकं' म्हणून जे छापतात ते हेच.

नाडेप टाकं म्हणजे जमिनीवर बांधलेला विटांचा हौद. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, उंची ३ फूट. भिंती ९ इंचांच्या, आणि त्यात मध्ये मध्ये विटा गाळून ठेवलेली भोकं. या भोकांतून हवा आत खेळते, त्यामुळे ढीग सारखा उलथावा लागत नाही. भरताना आधी ६ इंच पालापाचोळा आणि ओला कचरा, त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचं, त्यावर चाळलेल्या मातीचा थर. असे दहा-बारा थर भरून वरून शेणमातीनं लिंपून घ्यायचं. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, मग पुन्हा थर देऊन लिंपायचं. तीन ते चार महिन्यांत साधारण तीन टन खत तयार होतं. शेण किती लागतं? पूर्ण टाक्याला सुमारे १०० किलो. ज्या काळात गावातलं शेण कमी होत चाललं आहे त्या काळासाठी ही पद्धत जणू बेतूनच केली आहे.

आणखी एक कारण आहे, ज्यासाठी ती आपल्याकडे चालते. आपली जमीन काळी, भारी. पावसाळ्यात खोल खड्डा घेतला तर त्यात पाणी साचतं, कुजणं थांबतं आणि सडणं सुरू होतं. नाडेप टाकं जमिनीच्या वर असतं, पाणी निथळून जातं. म्हणून आमची सूचना अशी, की एका घरानं नाडेपच्या मागे लागू नये, कारण ते भरायला दीडेक टन काडीकचरा लागतो. पण एका आळीनं, एका शाळेनं, आठवडी बाजाराच्या जागेवर ग्रामपंचायतीनं ते जरूर करावं. बाजार उठल्यावर कोबीची पानं आणि सडके टमाटे तिथेच पडून राहतात आणि मोकाट गुरं ते पिशव्यांसकट खातात. प्लास्टिक जनावराच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात साठत जातं. ते ना पचतं, ना बाहेर पडतं. गाय भुकेनं मरते, आणि तिचं पोट मात्र भरलेलं असतं.

घरी करायचं ते

आता एका घरापुरतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांत वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो दिला आहे. त्यात साली-देठंही धरलेली आहेत. पाच माणसांच्या घरात याचा अर्थ दिवसाला पाऊण किलो झाला. एवढ्याला फार मोठी सोय लागत नाही.

परसात जागा असेल तर सावलीत, शेजारी शेजारी दोन उथळ खड्डे घ्यावेत. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. पावसाळ्यापुरती त्याच मापाची विटांची चौकट जमिनीवर कोरडी रचावी. परस नसेल तर तळाला आणि बाजूंना भोकं पाडलेले तीन माठ किंवा जुने प्लास्टिकचे डबे एकावर एक ठेवले तरी चालतात. पद्धत एकच आहे.

तळाला बोटभर जाडीच्या काड्यांचा थर द्यावा, म्हणजे खालून हवा राहते. त्यावर कुटार किंवा वाळला पाला. रोजचा ओला कचरा पाणी निथळवून, मोठे तुकडे बारीक करून टाकावा. त्यावर लगेच तेवढंच कुटार आणि मूठभर माती. आठवड्यातून एकदा काडीनं खालवर करावं. सुरुवातीला शेणकाला किंवा जुनं खत ओंजळभर टाकलं की पुरे. पहिला खड्डा भरला की तो झाकून दुसरा सुरू करावा. दुसरा भरेपर्यंत पहिल्याचं खत झालेलं असतं.

काय टाकावं? भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा धुऊन, अंड्याची टरफलं कुस्करून, शिळी भाकरी, भात, वरण थोडं थोडं. काय टाळावं? तेलाचा तवंग असलेली भाजी, मिठाचं लोणचं, मोठी हाडं. मांसमच्छीचे अवशेष टाकायचेच असतील तर खड्ड्यात खोल, वर भरपूर माती, नाहीतर कुत्री उकरतात. आणि भाजीच्या जुडीचा रबर, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, फळांवरची चिकटपट्टी, हे तिघे आत जाणार नाहीत इकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं. पिशवीचा कोपरा कापून पूर्ण वेगळाच करू नये, लोंबता ठेवावा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

वास आला तर समजावं की ओल जास्त झाली किंवा हवा कमी पडली. कुटार घालून उलथावं. मुंग्या लागल्या तर समजावं की कोरडं पडलं. पाणी शिंपडावं. एवढी दोन लक्षणं ओळखता आली की बाकीचं सवयीनं येतं.

आणि खताचा हिशेब खरा सांगितला पाहिजे. ओल्या कचऱ्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं. वर्षाकाठी घरातून पावणेतीनशे किलो कचरा निघाला तरी त्याचं खत थोडं होतं. परसातल्या वांगी, मेथी, कढीपत्त्याला ते छान पुरेल. पाच एकर सोयाबीनला पुरणार नाही. तेव्हा याच्यावर शेती चालेल असं आम्ही सांगत नाही. याचा मोठा फायदा दुसरीकडे आहे. ओलं बाजूला झालं की उरलेला सुका कचरा कोरडा राहतो, आणि कोरडं प्लास्टिक, कागद, पत्रा भंगारवाला घेतो. ओल्यानं बरबटलेलं कोणी घेत नाही. दोन कामाच्या वस्तू एकत्र करून एक बिनकामाची वस्तू तयार करायची, हे काम आपला एकच डबा रोज करतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितलं, त्यामागचं कारण हेच आहे.

गांडूळ आणि गॅस

गांडूळखताबद्दल पुष्कळजण विचारतात. ते उत्तम असतं, पण गांडूळ हा पाळीव जीव आहे हे विसरू नये. आपल्याकडचा उन्हाळा त्याला सोसत नाही. दाट सावली, ओलं गोणपाट आणि रोजचं लक्ष हवं. ताजा ओला कचरा तापतो, म्हणून तो आधी पंधरा-वीस दिवस कुजवून मगच गांडुळांना द्यावा. लिंबाची सालं, मिरची, मीठ त्यांना नको.

दुसरा मार्ग गॅसचा. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी एक साधा प्रश्न विचारला. गोबरगॅसमधले जीवाणू शेण खातात असं आपण मानतो, पण शेण म्हणजे गाईनं अन्नातलं सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला भाग. मग जीवाणूंना थेट अन्नच का देऊ नये? त्यांच्या संस्थेनं शिळं अन्न, खराब पीठ, फळं यांवर चालणारं घरगुती छोटं संयंत्र तयार केलं, आणि २००६ मध्ये त्याला ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार मिळाला. सुरुवातीला विरजण म्हणून शेण लागतं, पुढे रोज थोडं अन्न पुरतं. मोठ्या प्रमाणावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांचं 'निसर्गऋण' संयंत्र आहे. वसतिगृहं, मोठे भोजनालय यांनी त्याचा विचार करावा. यात सडणंच असतं, पण टाकीत कोंडलेलं. मिथेन हवेत जाण्याऐवजी शेगडीत जळतो.

पंगतीचं काय?

घरातलं अन्न मुठीनं वाया जातं, पंगतीतलं घमेल्यानं. लग्न, तेरवी, भंडारा झाला की मंडपामागे जो ढीग पडतो त्यात पोळ्या, भात, थर्माकोलच्या ताटल्या आणि पाण्याचे ग्लास एकजीव झालेले असतात. देशभर जुलै २०२२ पासून अशा एकदा वापरायच्या ताटल्यांवर बंदी आहे, आपल्या राज्यात तर २०१८ पासूनच. पण आपल्याकडे पळस आहे. पत्रावळीवर पंगत उठली तर पत्रावळीसकट सगळं खड्ड्यात जाऊ शकतं, कोणी काही निवडत बसायला नको. मंडपाचा, आचाऱ्याचा, बँडचा विचार आपण महिनाभर आधी करतो. खड्डा कुठे खणायचा हे त्याच बैठकीत ठरवावं, आणि वाढप्यांना अर्धी वाढ वाढायला सांगावी. मागितलं तर पुन्हा वाढता येतं. ताटात पडलेलं मात्र परत घेता येत नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

आमच्याकडे उरलेलं अन्न गाईलाच घालतात. ते चालेल ना?

साली, पालेभाज्यांची देठं, ताजी भाकरी जरूर घालावी. तो तर सर्वांत जुना आणि चांगला मार्ग आहे. पण शिजवलेला भात, पोळ्या, गोडधोड एकदम भरपूर घातलं तर जनावराचं पोट बिघडतं, आम्लता वाढते, प्रसंगी जीवावर बेततं. पंगतीचं उरलेलं गाईपुढे ओतणं हे पुण्य नाही. बुरशी आलेलं तर कोणत्याच जनावराला देऊ नये.

पावसाळ्यात खड्ड्यात अळ्या होतात, किळस येते.

अळ्या कुजवण्याचंच काम करतात. त्या झाल्या म्हणून खत बिघडत नाही. कोरडं कुटार आणि मातीचा जाड थर द्या, वरून झाकण ठेवा, कमी होतील. किळस आपल्याला शिकवलेली असते, आणि ती थोडी थोडी कमीही करता येते.

एका घरानं करून काय होणार?

एका घराचं पाऊण किलो. हजार घरांचं रोजचं साडेसातशे किलो. ही ट्रॉली रोज गावाबाहेर न्यायला डिझेल लागतं, माणूस लागतो आणि टाकायला कोणाच्या तरी शेताशेजारची जागा लागते. ती जागा सहसा ज्यांचा आवाज कमी, त्यांच्या वस्तीजवळची निघते. तेव्हा आपण घरी जिरवलेलं पाऊण किलो दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी जायचं वाचतं. एका घराचा उपयोग मोजायचा तर असा मोजावा.

हे सगळं शेवटी बायकांच्याच गळ्यात पडणार ना?

हा प्रश्न विचारल्याबद्दल त्या ताईंचे आभार, कारण आजवरच्या बहुतेक योजना इथेच अडल्या आहेत. स्वयंपाक एकीनं करायचा, भांडी तिनंच घासायची, आणि आता खड्डाही तिनंच उलथायचा, असं झालं तर महिन्याभरात खड्डा बंद पडेल, आणि तो पडायलाच हवा. आमचं म्हणणं असं, की जो जेवला त्यानं आपल्या ताटातलं खरकटं स्वतः नेऊन टाकावं, मग तो सासरा असो, नवरा असो की कॉलेजात शिकणारा मुलगा. कुटार आणणं, खड्डा उलथणं, खत काढणं ही कामं घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावीत. अवघड यातलं काहीच नाही. ताट उचलून दहा पावलं चालायचं आहे. आणि ही दहा पावलं चालणारा माणूस दुसऱ्या दिवशी ताटात थोडं कमी वाढून घेतो, असा आमचा अनुभव आहे.